ठिपका फिरतो

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

तेलवाल्या एजंटने दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडून होती. लेथवाल्या माणसाच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडतं? पाइपाला आटे पाड, पंपाचा शाफ्ट सरळ कर, हात धू, जेव. पण आज दुकानात एक काम आलं आणि वाटलं, हे कुठेतरी टिपून ठेवावं.

धुळ्याहून इथे जळगावला एक बाई आल्या होत्या. सुनंदा बैसाणे. तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. घरच्या घरी लेझरचा प्रोजेक्टर बनवतायत. लाल उजेडाची बारीक रेघ हलत्या आरशांवर पाडायची, म्हणजे समोर भिंतीवर फुलं, चक्रं उमटतात, असं ते यंत्र. १४ एप्रिलला जयंतीच्या संध्याकाळी त्यांना कॉलनीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर चक्र फिरवून दाखवायचं आहे. लेझर ज्यातून निघतो तो डायोड हरभऱ्याएवढा, तो मुंबईहून मागवलाय. त्याला बसवायला ॲल्युमिनियमचं घर लागतं, त्याला त्या माउंट म्हणतात. असे तीन नग हवेत. एका तोंडाला डायोड, दुसऱ्या तोंडाला बारीक आट्यांवर भिंग, आणि दोन्ही भोकांचा मध्य एक. फरक चालेल तो फक्त दोन शतांश मिलिमीटर. एवढ्याशा तुकड्यासाठी कोण डोकं खपवील, असं म्हणून धुळ्यातल्या तीन दुकानांनी त्यांना वाटेला लावलं.

मी ड्रॉइंग पाहिलं. पेन्सिलीचं होतं, पण एकही माप सुटलेलं नव्हतं. आय.टी.आय. सोडल्यापासून असं ड्रॉइंग माझ्या हातात आलं नव्हतं. मी म्हणालो, "दोन कशाला, एक शतांशात देतो."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघू."

हे 'बघू' मला अजिबात आवडलं नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला नग तयार. मध्य तपासायचं डायल लावून फिरवून पाहिला, काटा जागचा हलला नाही. माझी सवय अशी की प्रत्येक नगाच्या बुडाला नंबर पंच करायचा. याला १ मारला. मग पॉलिश केलं. शेजारच्या स्कूटर गॅरेजातला मगन हात पुसत आला आणि विचारू लागला, "पॉलिश ड्रॉइंगमध्ये आहे का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, काम करायचं तर नीट करावं. मगन हसला. त्याला कार्ब्युरेटरच्या पलीकडे काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. गाडी एरंडोलला अर्धा तास पंक्चर.

मॅडमच्या घरी त्या आणि त्यांचे वडील आधारनाना, दोघंच. नाना एसटीत ड्रायव्हर होते. मॅडम नग घेऊन अंधाऱ्या खोलीत गेल्या. तपासायची रीत अशी: डायोड आणि भिंग बसवायचं, नग एका खाचेत ठेवून बोटाने फिरवायचा. समोरच्या भिंतीवरचा लाल ठिपका जागच्या जागी राहिला तर पास. गोल फिरला तर मध्य चुकला.

मी ओट्यावर नानांबरोबर चहा घेतला. मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. मी समजलो. म्हणालो, "झालं ना? येतो मग. उरलेले दोन पार्सलने पाठवतो." उठून चप्पल घालायला लागलो. एक पाय चपलेत गेला असेल, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. ठिपका फिरतो."

"किती?"

"थोडासा."

मला बघायचं होतं. पण आतल्या वायरी उघड्या आहेत, येऊ नका म्हणाल्या. नगही परत दिला नाही. मुलांना दाखवायला उपयोगी पडेल म्हणाल्या. म्हणजे आता धुळ्याची पोरं माझी चूक बघून शिकणार. आणि पार्सल नको, भिंगाला धक्का लागतो, एकेक नग हातानेच आणून द्या, असंही सांगितलं. भिंग त्यांच्याकडेच आहे. पण मला त्या वेळी काही सुचत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

लेथ उघडून बेअरिंग तपासले. ठीक आहेत. मग नग धरणारा चक तपासला, तोही ठीक. राहता राहिलो मी.

२८ फेब्रुवारी, रविवार

दुसरा नग. ठिपका फिरतो.

आज त्यांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. तिखट चालेल का, असं दोनदा विचारलं. चुकीचा नग घेऊन आलेल्या माणसाला कोणी एवढं जेवू घालतं का? धुळ्याची माणसं मोठ्या मनाची. मी शरमेने फक्त तीन भाकरी खाल्ल्या.

३ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. जवळचं दिसायला अर्ध्या नंबरचा चष्मा दिला. अक्काने मला चष्म्यात पाहिलं आणि म्हणाली, "आते तू बी मास्तर दिसस." अक्का म्हणजे माझी मोठी बहीण भिकुबाई. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. तिचं एकच म्हणणं, छत्तीस वर्षांचा झालास, लग्न कर. मला आजवर पुष्कळ ठिकाणी मुलगी बघायला नेलं. माझी नजर मुलीवर पडायच्या आधी दाराच्या चौकटीवर पडते आणि चौकट ओळंब्यात नसली की माझं पोह्यांत लक्ष लागत नाही.

मॅडमच्या घराची चौकट कशी आहे, ते अक्काने विचारलं. मी आठवून पाहिलं. बघायची राहून गेली.

१४ मार्च, रविवार

तिसरा नग. नवा चष्मा लावून केला. डायलचा काटा मेल्यासारखा स्थिर. तरी ठिपका फिरतो.

सकाळी अकराला पोचलो, निघालो तेव्हा चार वाजले होते. त्यात नगावर बोलणं दहा मिनिटं. बाकी वेळ उजेड आरशावरून कसा परततो हे त्या सांगत होत्या, आणि टूलला धार कशी लावतात हे मी. लग्न का केलं नाहीत, असंही विचारलं. मी चौकटीचं खरंखरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. यात हसण्यासारखं काय आहे? मग मीही विचारलं. म्हणाल्या, "जो येतो तो पगार विचारतो. आरसे कशाला जमवलेत, असं कोणी विचारत नाही."

मी विचारलं होतं. पण ते कामासाठी.

१८ मार्च, गुरुवार

कारण सापडलं. ऊन! जळगावला आज एक्केचाळीस. धातू उन्हाने फुगतो. बसमध्ये नग तापतो आणि धुळ्याला पोचेपर्यंत त्याचं माप बदलतं. आता चौथा नग पहाटे गारव्यात करायचा आणि अक्काच्या थर्मासमध्ये कापूस घालून न्यायचा. मगनला सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "वनाभाऊ, तापलेलं आहे खरं. पण नग नाही." उन्हाने त्याच्याही डोक्यावर परिणाम झालाय.

२८ मार्च, रविवार

थर्मास नेला. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने चहा मागितला, त्याला कापूस दाखवावा लागला.

मॅडमनी थर्मास पाहिला आणि खाली मान घालून बराच वेळ तो हातात धरून बसल्या. मग वहीत हिशेब करून दाखवला. एवढ्याशा भोकाला दहा डिग्रीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाच फरक पडतो. मी म्हणालो, मग ठिपका फिरतो कसा? "तेच तर," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. माझ्या चुकीची त्यांनाही काळजी लागलीय. जयंतीला सतरा दिवस उरलेत आणि मी त्यांना एक नग देऊ शकलो नाही.

त्यांनी चौथाही ठेवून घेतला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी पक्का जमेल." त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे, हे जास्त लागलं.

१ एप्रिल, गुरुवार

पाचवा नग करायला घेतला आणि टूल जास्त आत गेलं. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो तुकडा भंगारात टाकला.

दुपारी पंपवाला शाफ्ट घेऊन आला. मी परत पाठवला. माझा हात खोटा झाला असेल तर मी दुसऱ्याचा पंप कशाला बिघडवू? तो म्हणाला, गेल्या वर्षीचा शाफ्ट अजून पाण्यासारखा फिरतो. गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी.

६ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. सावद्याला धाकटा भाऊ यादव केळीचे ट्रक भरून घ्यायचं काम बघतो. त्याला एक विश्वासू माणूस हवाच आहे. घड मोजायला शतांश लागत नाहीत. लेथ पारोळ्याचा हिलाल विकत नेईल. सोमवारी, १२ तारखेला, टेम्पो घेऊन येतो म्हणालाय.

अक्काला सांगितलं. तिने भाकरी करपवली. मगन म्हणाला, "एकदा धुळ्याला जाऊन मॅडमला तरी सांगा." काय सांगू? की मी बढाई मारली होती? दुसऱ्या कोणाकडून तरी काम करून घ्या, एवढं मात्र तोंडाने सांगायला हवं. रविवारी जातो.

१० एप्रिल, शनिवार

आज लेथ पुसताना रडू आलं. इथे लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगणार नाही.

११ एप्रिल, रविवार

काय लिहू, कसं लिहू.

पोचलो तेव्हा मॅडम घरी नव्हत्या. नाना ओट्यावर होते. "ये वना, बैस. सुनंदा समाजमंदिरमा गयी, भित मोजाले. तवलोंग तुले मशीन दखाडू का?"

मला वाटलं, अर्धवट मशीन दाखवतील. अंधाऱ्या खोलीत नेलं, बटण दाबलं. भिंतीवर लाल चक्र उभं राहिलं आणि संथ फिरू लागलं. रेघ इतकी बारीक की केस ठेवला तर झाकला जाईल. मी खाली वाकून पाहिलं. प्रोजेक्टरमध्ये तीन माउंट, पॉलिश केलेले. बुडाला नंबर १, २, ३.

"कधीपासून चालतंय हे?"

"महिना व्हयना. तुन्हा नग भलता भारी बसनात. पह्यला बसाडा तई ठिपका जागवरथून हालना नही. मी सोता दखं."

म्हणजे मी थर्मास घेऊन आलो तेव्हा मशीन चालू होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा दोन नग पास होऊन बसले होते. आणि उद्या सकाळी हिलाल माझं लेथ नेणार होता. चौथा नग टेबलावर, घडी केलेल्या रुमालावर ठेवलेला होता. त्याला रुमाल कशासाठी, कळलं नाही.

मी नानांच्या पाया पडून निघालो. ते म्हणाले, "मी दखाडं हाई तिले सांगू नको, बरं का," आणि हसले. भोळे आहेत.

परतीच्या गाडीत अंगाचा नुसता जाळ. चार रविवार मला खोटं पाडलं. माझा हात, ज्याच्यावर माझं पोट चालतं आणि नावही, तो खोटा ठरवला. आणि भरीत वाढलं.

१२ एप्रिल, सोमवार

हिलाल टेम्पो घेऊन आला. मी म्हणालो, विकायचं नाही. तो म्हणाला, "पण हात गेलाय म्हणत होतास ना?"

"सापडला."

वाटखर्चापुरती कुरकुर करून गेला. पंपवाल्याचा शाफ्ट मागवून घेतला आणि एका बैठकीत करून दिला.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. मिरवणुकीत होतो. आमच्या पिंप्राळ्याच्या पोरांनी ढोल चांगला वाजवला. संध्याकाळी सातच्या सुमारास, आता धुळ्याला चक्र फिरत असेल, असं मनात आलं. राग आला, आणि बघायलाही हवं होतं.

१६ एप्रिल, शुक्रवार

मॅडम आल्या. भर दुपारी, शाळेत रजा टाकून. मी लेथवर होतो. ते बंद केलं नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मशीनच्या आवाजातही ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "परवा चक्र फिरलं. लोकांनी विचारलं, माउंट कोणी केले? मी माइकवर तुमचं नाव घेतलं. तुम्ही नव्हतात."

मी म्हणालो, "चुकीच्या नगांवर कसं फिरलं?"

"नानांनी सांगितलं मला, तुम्हाला दाखवलं ते." मग म्हणाल्या, "पहिलाच बरोबर होता. ठिपका तसूभर हलला नाही. हे सांगायला मी बाहेर आले, तर तुम्ही 'येतो' म्हणालात आणि चप्पल घालायला लागलात. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि पुढचे तीन?"

"पुढच्या वेळीही तुम्ही चप्पल घातलीत."

मी लेथ बंद केलं. म्हणालो, "हे लेथ मी विकायला काढलं होतं. हात गेला असं समजून. सोमवारी टेम्पो दारात होता."

त्या तेलाच्या डब्यावर बसल्या. चेहरा पार उतरला. म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत. पण मला कळायला हवं होतं. तुमच्या हातावर मी संशय येऊ दिला. माफ करा म्हणून ते भरून येणार नाही, तरी म्हणते."

मी पुन्हा लेथ चालू केलं. त्या गेल्या.

अक्का मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "ती बाई इतला ऊनमा उनी, नि तू चाक फिरावत ऱ्हायना. तुले अक्कल कवय येई?" तिने तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

१७ एप्रिल, शनिवार

राग नेमका कशाचा आहे, ते मोजायला बसलो. हात खोटा ठरला याचा? तो तर खरा निघाला. मला फसवलं याचा? आहे, तो आहे. तो पुसून टाकत नाही. पण तो बाजूला काढून ठेवला तरी काहीतरी उरतं. उरतं ते एवढंच, की उद्या रविवार आहे आणि धुळ्याला जायचं कारण संपलंय.

मला त्या आवडतात. फेब्रुवारीपासून. पॉलिश केलं तेव्हापासूनच असणार. मगनला कळलं होतं, अक्काला कळलं होतं, एकंदरीत पिंप्राळ्यात मी सोडून सगळ्यांना कळलं होतं.

दुपारी एक तुकडा चकात धरला. या खेपेला भोकाचा मध्य एक मिलिमीटर बाहेर काढायचा होता. हात ऐकेना. सवयीने जॉब आपसूक मध्यावर येतो. तीनदा बरोबरच झाला. शेवटी चकाच्या एका जबड्याखाली पत्र्याची चकती घालून जॉब मुद्दाम एका अंगाला सरकवला, तेव्हा जमलं. अक्का विचारायला आली, काय करतोयस? म्हणालो, "चुकतोय." ती म्हणाली, "मंग नीट चूक," आणि गेली.

१८ एप्रिल, रविवार

नाना ओट्यावर होते. मी आलेला पाहून त्यांनी आत हाक मारली आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता.

मॅडमनी नग घेतला. या वेळी मला अंधाऱ्या खोलीत येऊ नका म्हणाल्या नाहीत. वायरी कधीच उघड्या नव्हत्या, त्याही पाहून घेतल्या. त्यांनी डायोड बसवला, भिंग बसवलं आणि बोटाने नग फिरवला. लाल ठिपका निघाला तो कॅलेंडरवरून घड्याळावर, घड्याळावरून दाराच्या चौकटीवर, तिथून खाली फडताळावर आणि परत कॅलेंडरवर. सगळी भिंत फिरून आला. चौकट थोडी तिरकी आहे.

त्यांनी दोनदा फिरवून पाहिला. "हा मुद्दाम केलाय."

"हो."

"का?"

"रिकाम्या हाताने यायला बरं वाटेना," मी म्हणालो. "आणि बरोबर नग आणला असता तर तुम्हाला परत खोटं बोलावं लागलं असतं."

अंधारात नाक ओढल्याचा आवाज आला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "दुरुस्त व्हायला किती रविवार लागतील?"

"हा दुरुस्त होत नाही. आणि रविवारांनी माझं भागत नाही. तुमची हरकत नसेल तर मी नानांशी बोलतो."

"राग?"

"आहे अजून. तो धरून बोलतो."

त्या हसल्या. आधी हळू, मग चौकटीच्या दिवशी हसल्या होत्या तशा. ठिपका भिंतीवर फिरतच होता, कारण नगावरचं बोट त्यांनी काढलं नव्हतं.

बाहेरून नानांनी विचारलं, "काय वं, पास शे का फेल?"

"फेल शे, नाना," मॅडम म्हणाल्या. "पन मी ठेई लिना."